दवाखाना रिकामा करायला किती वेळ लागतो?

सिस्टर_महाल

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता रिटायर. राहायला नागपूरला, महाल भागात. लढाईतलं मला काही कळत नाही, म्हणून प्रश्न दवाखान्याच्या दारात उभं राहूनच विचारते.

रविवारी भाचा जेवायला आला होता. मिहानमध्ये नोकरीला आहे, हुशार आहे, वाचतो पण. पाटोडीची भाजी केली होती. टीव्हीवर एका शहरातला पडलेला दवाखाना दाखवून राहिले होते. (शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं की इथं भांडण सुरू होते आणि माझा प्रश्न बाजूला राहते.) तर भाचा म्हणाला, "मावशी, त्यांनी आधी फोन केला होता. रिकामा करा म्हणून वेळ दिला होता. आत बंदूकवाले लपले होते. मग जे मागे राहिले ते आपल्या मर्जीनं राहिले ना?" आणि त्यानं आणखी एक पोळी घेतली.

मी काही बोलले नाही. रात्रभर झोप मात्र लागली नाही, कारण मी एकदा वॉर्ड रिकामा केला आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मेल सर्जिकल, दुसरा मजला, रात्रीचे पावणेतीन. बाहेरच्या पॅनलमध्ये शॉर्ट सर्किट झालं आणि धूर आत यायला लागला. पेशंट ३८. आम्ही दोन सिस्टर, एक आया, एक वॉर्डबॉय. लिफ्ट बंद. दोन पेशंट ऑक्सिजनवर. एकाच्या मांडीच्या हाडाला ट्रॅक्शन, म्हणजे पायाला दोरी आणि दोरीला वजनं लटकलेली. ते असंच सोडून देता येत नाही, डॉक्टर लागतो. एक बेवारस म्हातारा होता, त्याच्या केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलं होतं. तो कॉट सोडायलाच तयार नव्हता, लोखंडी दांडा धरून बसला. खाली व्हरांड्यात झोपलेले नातेवाईक वर धावत आले म्हणून निभावलं. चादरीची झोळी करून एकेक जण खाली नेला. शेवटचा पेशंट अंगणात पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. बरं, आग लागलीच नव्हती, नुसता धूर होता. आणि आमच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हतं. शहरातले बाकी दवाखाने सुरू होते, रस्ते मोकळे होते.

एवढा सव्वा तास एका वॉर्डाला लागला.

तर मला हे विचारायचं आहे. इशारा दिला की मारणाऱ्याची जबाबदारी संपते का? ट्रॅक्शनवाल्यापाशी मी थांबले असते तर मी 'मर्जीनं' थांबले म्हणायचं का? जखमी बंदूकवाला कॉटवर असेल आणि त्याची बंदूक कॉटखाली असेल, तर अख्खा दवाखाना शत्रूचा होतो का? आणि पुढं कळलं की चूक झाली होती, तर विचारायचं कोणाला? विमान चालवणाऱ्याला, नकाशावर बोट ठेवणाऱ्याला, की वरच्या साहेबाला?

---

बर्डीचा_पोट्टा

ताई, राग नका मानू, पण हे सगळे कायदे हरणाऱ्यासाठी राहतात. जिंकणाऱ्याले कोन विचारते? न्यूरेंबर्गमध्ये जर्मन नेत्यांवर खटले चालले, पण इंग्रज-अमेरिकेनं बॉम्बनं जाळलेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा हिशेब कोणी मागितला का? दुसरं म्हणजे, लढाई दवाखान्यात नेली कोणी ते पण पाहा ना. जो तळघरात बसून रॉकेट मारते त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. समोरच्यानं काय करावं मग, फुलं पाठवावी?

---

काळा_कोट

मी इथं हायकोर्टात सर्व्हिस मॅटर चालवतो, म्हणजे पेन्शन, बदल्या, ज्येष्ठतेच्या याद्या. पण एलएलएमला हा विषय घेतला होता, आणि सिस्टर, तुमचा प्रश्न आमच्या परीक्षेत येणाऱ्या प्रश्नापेक्षा चांगला आहे.

आधी बंदुकीचं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम १८ दवाखान्यांना संरक्षण देते आणि कलम १९ ते कधी जाते ते सांगते. तिथं दवाखान्याच्या कामाबाहेरचं, शत्रूला इजा करणारं कृत्य तिथून घडत असेल तरच. आणि कलमात चक्क तुमच्या कॉटखालची बंदूक आहे: जखमी सैनिकावर उपचार करणं, किंवा त्याच्याकडून काढून घेतलेली आणि अजून जमा न केलेली हत्यारं तिथं असणं, याला शत्रूला इजा करणारं कृत्य म्हणायचं नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं कधीतरी वॉर्ड पाहिला असावा.

इशाऱ्याचं. संरक्षण जायच्या आधी इशारा द्यावा लागतो, त्यात वाजवी मुदत द्यावी लागते, आणि तो धुडकावला गेला पाहिजे. सगळा कीस त्या 'वाजवी' शब्दाचा. तुमचा सव्वा तास मी एखाद्या न्यायाधीशासमोर ठेवायला तयार आहे. आणि मुदत संपली म्हणजे रान मोकळं, असं होत नाही. आत राहिलेला पेशंट पेशंटच असतो, सिस्टर सिस्टरच असते. त्यांचा जीव जाणार हे धरूनच पुढचा हिशेब करावा लागतो: मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानानं ही हानी बेसुमार आहे का, दुसरं हत्यार होतं का, दुसरी वेळ होती का. हा हिशेब गोळी सुटायच्या आधी करायचा असतो. १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात (प्रोटोकॉल) तो तपशिलानं लिहिला आहे. अमेरिका, इस्रायल आणि आपण, तिघांनीही तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. पण त्यातली मूळ तत्त्वं आता रूढ कायदा म्हणून सगळ्यांना लागू धरतात.

पोट्टेभाऊ, तळघरातून रॉकेट मारणारा गुन्हेगारच आहे. नागरिकांची ढाल करणं हा स्वतंत्र युद्धगुन्हा आहे, त्यावर दुमत नाही. पण एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या खात्यातून वळता होत नाही. त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५१ मध्ये हे स्पष्ट आहे.

आता चूक झाल्यावर काय होते, ते कुंदूझवरून सांगतो. ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तान. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'चा ट्रॉमा दवाखाना. त्यांनी आपला ठावठिकाणा जीपीएस आकड्यांसकट अमेरिकी सैन्याला आधीच कळवून ठेवला होता. रात्री दोनच्या सुमारास एसी-१३० गनशिप, म्हणजे तोफा बसवलेलं अमेरिकी विमान, आली. तिला मारायची होती काहीशे मीटरवरची दुसरीच इमारत. आतून फोन जात राहिले तरी मारा थांबायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. ४२ माणसं गेली, काही तर कॉटवरच जळाली. चौकशी अमेरिकी सैन्यानं स्वतःच केली. १६ जणांवर कारवाई झाली: कोणाला ठपका, कोणाची पदावरून बदली. फौजदारी खटला एकावरही नाही, कारण 'हेतू नव्हता'. मृताच्या घरी ६,००० डॉलर, जखमीला ३,०००. खात्यांतर्गत चौकशी आणि ठपका म्हणजे काय, हे माझे अशील फार चांगलं जाणतात.

आपलं विचाराल तर भारतात जिनिव्हा करार अधिनियम १९६० आहे. गंभीर उल्लंघनाला जन्मठेप, फाशीपर्यंत शिक्षा आहे. पण सरकारनं तक्रार केल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. आणि गंमत म्हणजे विनापरवाना रेडक्रॉसचं चिन्ह वापरणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे, दंड ५०० रुपयांपर्यंत. मेडिकल चौकात एक चक्कर मारून पाट्या मोजा.

---

कामठीवाला_सुभेदार

सिस्टरताई, राम राम. मी रिटायर सुभेदार. पलटनीचं नाव सांगत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेत जाफन्याला होतो, तेव्हा हवालदार. वकीलसाहेबानं कायदा सांगितला, मी गल्ली सांगतो.

शहरात लढाई म्हणजे ऐकायची लढाई. दिसत काहीच नाही. ताडाच्या पानांची कुंपणं, पुरुषभर उंच. गल्ली इतकी अरुंद का दोन माणसं शेजारी चालत नाहीत. तुमचं महाल आणि इतवारीच समजा. गोळी आली का आवाज चार भिंतींवर आपटते, कुठून आली ते कळतच नाही. रस्त्याखाली सुरुंग. तीन रात्री झोप नाही. अशा वेळी माणसाले वाटते का समोरचं घर उडवून टाकावं आणि पुढं जावं. हे मी खोटं नाही सांगत, मले पण वाटलं.

एक दिवस एका कौलारू घराच्या बाजूनं फायर आलं. साहेबानं रॉकेट लाँचर पुढं बोलावला. लाँचरवाला गुडघा टेकून बसला पण. तेवढ्यात आमच्या एका नायकानं हात वर केला. घरामागं दोरीवर कपडे वाळत घातले होते, त्यातून पाणी गळून राहिलं होतं. म्हणजे कोणीतरी आत्ताच धुतले. साहेब पाच-सात सेकंद पाहत राहिला आणि म्हणाला, थांबा, फिरून जाऊ. फिरून जायले वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांत आमच्या एका पोराच्या मांडीत गोळी गेली. तो पुढं वाचला, पण लंगडतच घरी गेला. घरात १९ माणसं निघाली. बाया, लेकरं, दोन म्हातारे आणि बकऱ्या. फायर करणारा शेजारच्या छतावरून केव्हाचा पसार.

आता खरी गोष्ट. रात्री डायरीत लिहिलं गेलं: एक जखमी. बस. ती १९ माणसं कुठंच नाहीत. उडवली असती तरी कुठं नसती. साहेबाचं कौतुक पण कुठं नाही. उलट उशीर काहून झाला ते विचारलं.

तुमचा प्रश्न दवाखान्याचा आहे म्हणून लिहितो, कोणाले आवडो न आवडो. त्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरले, दिवाळीच्या दिवशी जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात आपल्या सैन्याच्या गोळीबारात साठ-सत्तर लोक मेले. पेशंट, डॉक्टर, नर्सेस. आपली बाजू म्हणते, आतून फायर आलं, दोन्हीकडच्या गोळीबारात लोक सापडले. वाचलेले डॉक्टर आणि कर्मचारी म्हणतात, बंदूकवाले निघून गेल्यावर नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. मी तिथं नव्हतो, म्हणून मी निकाल देत नाही. पण निकाल द्यायची जागा तरी कुठं झाली? खटला कोणावर चालला नाही. मी वर्दीले आजही सलाम करतो आणि मले हे डाचते, दोन्ही.

आणि हत्यार कोणतं घेता यावर सगळं आहे. इराकच्या मोसुल शहरात १७ मार्च २०१७ ले छतावर दोन नेमबाज होते. त्यांच्यासाठी अमेरिकी विमानानं पाचशे पौंडांचा बॉम्ब टाकला, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. खाली लोक आसऱ्याले जमले होते. १०५ नागरिक मेले, हा आकडा अमेरिकेच्याच चौकशीतला. ते म्हणतात, घरात शत्रूनं बारूद ठेवला होता म्हणून अख्खी इमारत पडली. असेल. पण दोन माणसांसाठी पाचशे पौंड! आमच्या नायकाले दोरीवरचे कपडे दिसले, वरून विमानातून ते दिसत नाहीत.

---

बर्डीचा_पोट्टा

सुभेदारसाहेब, तुमचं वाचून गप्प झालो थोडा. पण मुद्दा तर माझाच खरा ठरला ना? शिक्षा कोणाले झाली ते सांगा. एक नाव सांगा.

---

काळा_कोट

स्तानिस्लाव गालिच. बोस्नियातल्या सर्ब सैन्याचा जनरल, सारायेव्होला वेढा घालून बसलेल्या तुकड्यांचा प्रमुख, सप्टेंबर १९९२ ते ऑगस्ट १९९४. बाजारावर तोफा, पाण्याच्या रांगेवर तोफा, ट्राममधल्या माणसांवर नेमबाज. हेगच्या न्यायाधिकरणानं २००३ मध्ये २० वर्षं दिली. त्यानं अपील केलं, सरकारी पक्षानंही केलं, आणि २००६ मध्ये शिक्षा वाढून जन्मठेप झाली.

सिस्टर, त्या निकालात कोशेवो दवाखान्याचा भाग आहे, तो तुमच्यासाठी. तिथं बचाव पक्षाचं म्हणणं तुमच्या भाच्याचंच होतं: दवाखान्याच्या आवारातून आमच्यावर उखळी तोफा चालत होत्या. न्यायाधीशांनी ते उडवून नाही लावलं. आवारातून किंवा आसपासून कधीकधी मारा झाला हे त्यांनी मान्य केलं. आणि तरीही म्हटलं, की काही वेळा गोळे थेट दवाखान्यावरच टाकले गेले, तिथं कुठलंही लष्करी लक्ष्य नसताना. म्हणजे 'आतून मारत होते' हे वाक्य खरं असलं तरी ते प्रत्येक गोळ्याला पुरत नाही. प्रत्येक गोळा वेगळा तपासावा लागतो.

हे सिद्ध कशावरून झालं? कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूनं गोळा आला, कोण जखमी झाला, कोण तिथं उभा होता. साक्षी, खड्ड्यांची मापं, नोंदी. सुभेदारसाहेब म्हणतात त्या डायरीतली कोरी जागा इथं नडते. सीरियातल्या रक्का शहरात २०१७ च्या चार महिन्यांत अमेरिकेच्या आघाडीच्या माऱ्यात १,६०० हून जास्त नागरिक गेले, हे ॲम्नेस्टी आणि एअरवॉर्स या संस्थांनी घराघरांत जाऊन नावं जुळवून २०१९ मध्ये मांडलं. आघाडीनं तोवर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेच मान्य केले होते. बाकीचे कोणाच्या वहीतच नव्हते.

ड्रेस्डेनबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, पोट्टेभाऊ. जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात आपल्या न्या. राधाबिनोद पालांनी अणुबॉम्बचं नाव घेऊन हेच बोट ठेवलं होतं. आजही भारत, अमेरिका, रशिया, चीन, इस्रायल कोणीच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. गालिच हरलेल्या बाजूचा होता, हेही खरं. जिंकलेल्या बाजूचा जनरल तुम्ही मागाल तर माझ्याकडे नाव नाही.

---

महालचा_इतिहास

थोडं विषय सोडून, पण सिस्टर महालात राहतात म्हणून. आपल्या वाड्यावरून निघालेली रघूजी भोसल्यांची फौज १७४२ पासून दहा वर्षं बंगालवर जात होती. सुरुवातीला पुढारी भास्करपंत कोल्हटकर. आपण इथं चौथाईचा अभिमान सांगतो. तिकडच्या आया अजून पोरांना 'बर्गी' येतील म्हणून झोपवतात. तो बर्गी म्हणजे आपला नागपूरचा बारगीर, घोडेस्वार. १७५१ च्या तहात ओडिशाचा महसूल आणि १२ लाखांची चौथाई मिळाली, हे लिहून ठेवलेलं सापडते. गावं किती जळाली त्याची यादी आपल्या बाजूला कोणी ठेवली नाही, ती त्यांच्या अंगाईत राहिली.

---

संत्रानगरी_वॉर्डन

मी नागरी संरक्षणाचा जुना स्वयंसेवक. देशाचं नागरी संरक्षण महाविद्यालय आपल्याच गावात उभं राहिलं आणि निम्म्या नागपूरला पत्ता नाही. रेडक्रॉससारखं युद्धात संरक्षण देणारं आमचंही चिन्ह आहे: नारिंगी चौकोनात निळा त्रिकोण. रंग बघा, आपलाच.

सिस्टर, चांगला इशारा कसा असतो ते सांगतो. 'निघा' एवढं म्हणणं म्हणजे इशारा नाही. कुठं जायचं, कोणत्या रस्त्यानं, तो रस्ता किती वाजेपर्यंत मोकळा, चालता न येणाऱ्यांना कोण नेणार, आणि पोचलेल्या जागी पाणी, औषध आहे का. यातलं एक जरी नसेल तर माणूस घरातच थांबतो आणि त्याचं चूक नसते. उचलण्याचं म्हणाल तर चादरीपेक्षा घोंगडं बरं, कडा गुंडाळून धरायच्या, फाटत नाही. अरुंद जिन्यात पेशंट पाय पुढं करून उतरवायचा. खुर्ची असेल तर सगळ्यात उत्तम.

---

सिस्टर_महाल

सगळ्यांचे आभार. सुभेदारभाऊ, तुमचं दोनदा वाचलं. नाईट रिपोर्ट लिहिताना आम्हाला शिकवलं होतं, जे केलं पण लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. तुमच्या त्या १९ माणसांवरून ते आठवलं.

आज दुपारी सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वय ८६, पाय चालत नाहीत, आमचा वाडा जुना, दुसरा मजला, जिना दगडी आणि एका माणसाचा. एरवी शेजारची पोरं उचलतात. आज भाच्याला बोलावलं. वॉर्डनसाहेबांनी सांगितलं तशी खुर्ची घेतली, पाय पुढं. भाचा खालून, माझा मुलगा वरून, मी बाजूनं बॅग आणि काठी घेऊन. मधल्या वळणावर खुर्ची अडकली, ती तिरपी करून काढावी लागली. तिथं सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी कठडा धरला. सोडायलाच तयार नाहीत. भाचा म्हणे, आजी, सोडा ना हात. एकेक बोट सोडवावं लागलं.

अंगणात आल्यावर मी घड्याळ पाहिलं. १४ मिनिटं. मी मोजून राहिले होते हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यानं रुमालानं मान पुसली, वर जिन्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, त्या रात्री तुमचे किती होते म्हणाली होतीस?"